गाळातली चार उखळं

माझा डावा बूट मुळशीच्या धरणात आहे. आता त्याच्यावर पाणीही चढलं असेल. मुळशीला जाऊन आले म्हटलं, की हिंजवडीतले लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या रिसॉर्टला?" बुटाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

आमच्या बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून पश्चिमेचे डोंगर दिसतात. पंधरा वर्षं ते बघते आहे. मुळशीला मीही अनेकदा गेले होते, पण सगळ्यांसारखी पावसाळ्यात. ताम्हिणीपर्यंत गाडी, धुक्यात फोटो, भाजलेलं कणीस आणि परत. पाण्याला कधी हातही लावला नव्हता. सचिन म्हणून एक मुलगा आमच्या कंपनीची कॅब चालवतो. तो एकदा सहज म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं मे महिन्यात या. पाणी उतरतं. खालचं जुनं गाव वर येतं." त्याच्या आईवडिलांनी गोठ्यावर दोन खोल्या बांधल्या आहेत, पाहुण्यांना देतात. मी आणि माझा नवरा, दोघांचं ठरलं. आदल्या दिवशी त्याचं ऑफिसचं काम निघालं. एकटीनं जायचं की नाही, यावर मी रात्रभर विचार केला आणि सकाळी बॅग उचलली. पन्नाशीला आलेल्या बाईनं हे सांगू नये, पण एकटीनं केलेला हा माझा पहिलाच प्रवास.

शुक्रवार

माले मागं पडलं, धरणाची भिंत गेली, आणि रस्त्याच्या डाव्या हाताला पाणी दिसायला लागलं. पाणी म्हणजे दूरवर एक निळसर पट्टा. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये उघडा पडलेला भलामोठा उतार, वर लाल, खाली करडा, अगदी कडेला हिरवागार. पावसाळ्यात ज्याला मी तलाव म्हणत होते तो हा.

सचिनचे वडील किसनराव पडवीत बाजेवर आडवे होते. आंबे उतरवताना पाठीत उसण भरली होती. उठता येत नव्हतं, पण बोलता भरपूर येत होतं. मी चहाचा कप ठेवायच्या आत त्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवर चौकोन काढला.

"खाली सरदाराचा वाडा हाय, बाई. चौसोपी. घोडी बांधायचे दगुड अजून हायेत. देऊळ हाय, वाट हाय फरसबंदी. लई लांबून मानसं येत्यात बघाया."

"मग उद्या कोण नेणार मला?"

"त्योच घोळ झालाय. मीच नेतो समद्यांना. आन वस्तीवरची बाकीची लग्नाला गेल्यात."

मी चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, शेवंताताईंकडे बघितलं. "ताई, तुम्ही?"

किसनराव हसले. हसताना पाठ दुखली तसे कण्हले. "ती? चाळीस वरसं झाली लगीन होऊन. काठाच्या खाली उतरली न्हाई कधी."

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाची पातळ आमटी होती. माझं माहेर सांगलीकडचं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, थापताना तिचा पट-पट आवाज येतो. इथं शेवंताताई उकड काढून, मळून, अगदी बिनआवाजी भाकरी फिरवत होत्या. मी त्यांना विचारलं, खाली का नाही गेलात कधी?

त्यांनी तव्यातल्या भाकरीवर पाणी फिरवलं. "लगीन झालं त्याच उन्हाळ्याला आमची म्हस गाळात गेली. हिरवं बघून गेली चराया. दोन दिस वरडत व्हती. बाप्ये दोर घिऊन गेले, पर जवळ कुनाला जाता ईना. मग वरडायची थांबली. सासू म्हनाली, बायांनी खाली जायाचं न्हाई. मी न्हाई गेले."

"पण सासूबाई जाऊनही वर्षं झाली असतील."

"व्हय. झाली की." भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "त्याच्या म्होरं मला कुनी इचारलंच न्हाई."

जेवण झाल्यावर भांडी गोळा करताना त्याच म्हणाल्या, "सकाळी उनाच्या आधी निगू. भाकऱ्या बांदून घेते."

शनिवार

निघताना किसनरावांनी दहा सूचना केल्या. पाण्याकडं तोंड केलं की टेकाडावरचं देऊळ समोर दिसतं, त्याच्यावर नजर ठेवा. भेगा पडलेल्या जमिनीवरूनच चाला. हिरवं दिसलं की लांबून जा. ओढा जिथं दगडांतून जातो तिथंच ओलांडा. शेवंताताई नऊवारीचा काष्टा घट्ट करत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "चाय बाजंपाशी हाय. उटू नका."

काठ उतरला की पहिल्यांदा वठलेल्या झाडांचे बुंधे लागतात. दरवर्षी पाण्यात बुडून आणि उन्हात वाळून दगडासारखे झालेले. मग भेगाळलेला गाळ. त्याच्या भेगा इतक्या रुंद, की हाताचा पंजा आत जावा. त्यावरून चालताना खापरांवरून चालल्यासारखा आवाज येतो. शेवंताताई पहिली पन्नास पावलं माझा दंड धरून चालल्या. मग दंड सोडला. मग माझ्या पुढं गेल्या.

सकाळचे सात वाजले असतील. पाण्याच्या कडेला पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. लव्हाळ्यांमध्ये बगळे होते, टिटव्या आमच्यावर ओरडत घिरट्या घालत होत्या. हिंजवडीला या वेळेस कॅबची पहिली रांग लागते. इथून ते सरळ रेषेत किती जवळ आहे हे मनात येऊन उगाच नवल वाटलं. थोडं पुढं गेल्यावर गाळातून दगडी वाट वर आली. बसवलेले मोठे दगड, मध्ये गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. वाट डोंगरातून कुठून तरी येत होती आणि सरळ पाण्यात जात होती. शेवंताताई त्या चाकोरीत पाय ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"गाड्या जायाच्या की हितनं," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच.

चूक माझी झाली. ओढ्याच्या अलीकडे लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी उथळ पाण्यात चालत होते. फोटो काढायला मी वाट सोडून चार पावलं गेले. मग आणखी चार. पायाखाली गवत होतं, मऊ आणि घट्ट वाटणारं. पुढच्या पावलाला उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला जोर लावला तर डावा गुडघ्यापर्यंत. मला हसूच आलं. हसत हसत मी शेवंताताईंना हाक मारली, आणि तेवढ्यात डावा पाय मांडीपर्यंत आत गेला.

खाली तळ नव्हता. गाळ थंड होता आणि पायाला चारी बाजूंनी आवळत होता. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. मागं बघितलं तर शेवंताताई वाटेवर उभ्या होत्या, दोन्ही हात कानांवर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या खऱ्या, पण मी त्यांना दिसत होते की नाही कोण जाणे.

"ताई, येऊ नका इकडं!" मी म्हटलं. खरं तर त्यांनी यावं असंच मला वाटत होतं.

त्यांनी कानांवरचे हात काढले. वळल्या आणि ओढ्याच्या पलीकडे बघून जीव खाऊन हाक मारली, "ठकूबाय! आगं ठकूबाय! मानूस रुतलंय!"

पलीकडं शेळ्या चरत होत्या हे मी बघितलंच नव्हतं. त्यांच्यामागून पलीकडच्या वस्तीवरची एक काटकुळी, साठीपलीकडची बाई खांद्यावर घोंगडी टाकून दगडांवरून पळत आली. कडेला थांबून तिनं मला नीट बघितलं, जसं अडलेल्या शेळीकडे बघावं.

"ए बाय, हालू नगं! जितकं हालशील तितकं जाशील. मागं आडवी हो. खाटंवर पडती तशी."

"पडले तर तोंडात जाईल!"

"न्हाई जात. पड म्हंते ना!"

मी पडले. पाठीखालचा गाळ डचमळला आणि थांबला. वर नुसतं आभाळ. ठकूबाईनं घोंगडी माझ्यापर्यंत पसरली आणि थांबली. तिचा एक हात मनगटापासून वाकडा होता, कधीतरी मोडून तसाच जुळलेला. "मला खनता याचं न्हाई," ती शेवंताताईंना म्हणाली, "तुला जावं लागंल. पोटावर सरकत जा. पायाच्या कडंनं गाळ काड, पानी सोड आत."

मला आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं. पुष्कळ वेळ काहीच आवाज आला नाही. मग घोंगडी माझ्या खांद्याशी हलली. शेवंताताई पोटावर पडून, भाकरीच्या डब्याचं झाकण हातात घेऊन सरकत येत होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी झाकणानं माझ्या मांडीच्या कडेचा गाळ उपसायला सुरुवात केली, एका हातानं गाळ, दुसऱ्या हातानं पसाभर पाणी. मधेच थांबून माझ्या दंडाला हात लावत. "हाय मी. हाय," असं म्हणत. मला की स्वतःला, देव जाणे.

पाय सुटला तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. बूट आतच राहिला.

वाटेवर येऊन आम्ही तिघी दगडावर बसलो. मी आणि शेवंताताई नखशिखांत करड्या झालो होतो. ठकूबाईनं मला मनसोक्त झापलं. "फोटूच्या नादानं जीव जायाचा. पक्षी हुभा ऱ्हायला म्हंजी मानूस ऱ्हातंय व्हय?" डबा पालथा झाला होता, पण फडक्यातल्या भाकऱ्या शाबूत होत्या. तिघींनी मिळून खाल्ल्या.

"परत जाऊ या," मी म्हटलं.

शेवंताताईंनी तोंड पुसलं. "तुमी बसा हितं ठकूबायपाशी. मी म्होरं जानार."

ते त्यांनी इतकं साध्या आवाजात सांगितलं, की बसून राहायची मला लाज वाटली. ठकूबाईनं तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडून माझ्या पायाला बांधलं आणि ओढ्याचे दगड दाखवले. शेळ्या तिथंच सोडून ती आमच्याबरोबर टेकाडापर्यंत आली.

देवळाचं शिखर कधीच गेलेलं आहे. चार खांब, अर्धा गाभारा, आणि आत रिकामं आसन. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी देवी उचलून वरच्या गावात नेली. शेवंताताई दर मंगळवारी त्याच देवीला जातात. "हिचं घर आज बघितलं," असं म्हणून त्यांनी रिकाम्या आसनावरचा गाळ पदरानं पुसला.

देवळामागं तो वाडा. गुडघ्याएवढ्या भिंती, मोठा चौकोन, कडेला भोकं पाडलेले उभे दगड. किसनरावांनी सांगितलेलं सगळं जुळत होतं. मी घोडे आणि सरदार मनात रंगवायला लागले. शेवंताताई मात्र डोळे जमिनीला लावून फिरत होत्या. एका कोपऱ्यात वाकल्या. मग दुसऱ्या. परत आल्या आणि पुन्हा फिरून बघून आल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो वाडा न्हवं."

"म्हणजे?"

"हितं उखळ हाय. तितं एक हाय. त्या अंगाला दोन. मोऱ्या बी चार. एका घराला चार उखळं कशाला लागतील? ही चार घरं हायेत. भिती जोडून बांदलेली. भावाभावांची आसतील, चुली वायल्या झालेल्या. आन त्ये दगुड घोड्याचं न्हवं. भोक बघा की किती खाली हाय. गायीबैलांची दावन ती."

मी परत बघितलं आणि मला ते दिसायला लागलं. सरदाराचा चौसोपी वाडा माझ्या डोळ्यांदेखत चार कुणब्यांची घरं झाला. इथं उंबरा, इथं चूल, इथं मोरीतून बाहेर जाणारं पन्हळ, त्याच्या खाली बहुधा अळू नाही तर केळ. शेवंताताई एका उखळाशी बसल्या. जमिनीत बसवलेला दगड, मध्ये वाटीसारखा खोल. त्यांनी आतला गाळ बोटांनी काढला. उखळाच्या कडेची फरशी गुळगुळीत झाली होती. "दोगी कांडायच्या हितं," त्या म्हणाल्या. "समोरासमोर हुभ्या ऱ्हाऊन. पायानं घासून झालंय."

"तुमच्या सासरचं जुनं घर कुठं होतं?" मी विचारलं.

त्यांनी पाण्याकडे हात केला. "पार खोलात. ते कदी वर येतच न्हाई, हे सांगत्यात." मग थोड्या वेळानं, "पानी दारात आलं तवा ह्या बायांनी चूल इजवली आसंल, का जळती सोडून गेल्या आसतील?"

मुळशीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, एवढं मी शाळेत वाचलेलं. मुंबईच्या विजेसाठी जमिनी गेल्या, हेही. चूल कुणी विझवली हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि मलाही ते कधी सुचलं नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ तिथं बसलो. ठकूबाई सावलीला बसून शेळ्यांना हाका घालत होती.

परतलो तेव्हा किसनराव बाजेवर कोपरावर उठून बसले होते. आमचा अवतार बघून भडकले. हिरव्यात जाऊ नका म्हटलं होतं की नव्हतं, पाहुणीला काही झालं असतं तर, सगळं झालं. शेवंताताई सरळ आंघोळीला गेल्या. केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्यो वाडा न्हाई."

"आँ?"

"चार घरं हायेत. चार उखळं हायेत. सरदार कशाला सांगता लोकांना?"

"तुला काय कळतंय? एक डाव गेलीस आन—"

"उखळ मला कळतंय."

मला उठून जावं वाटलं, पण खोलीचा जिना किसनरावांच्या बाजेशेजारूनच जातो. त्यांनी काठी हातात घेतली, जमिनीवर टेकवली आणि तशीच धरली.

"कुनब्याची घरं बघाया कोन येतंय?" ते आधी म्हणाले. मग आवाज उतरला. "माझा आजा तितलाच. चारातलं एक घर आपलं हाय. माझा बाप मला दाखवाया न्यायचा. बोलायचा न्हाई कायच, नुसता उंबऱ्यावर बसायचा. म्होरं पावनं याया लागले. आमचं घर व्हतं म्हनून सांगाया लागलो, की घसाच धराया लागला. येक दिस त्वांडातनं सरदार निगाला. मग सोपं झालं."

शेवंताताई उभ्याच होत्या. "खोलात हाय म्हनला व्हता मला."

"तुला सांगितलं आसतं तर तू बघाया न्हे म्हनाली आसतीस."

"आसते म्हनाले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जेवताना मला दोघांनीही जास्त आग्रह केला.

रविवार

सकाळी माझ्या पोटऱ्या इतक्या भरून आल्या होत्या, की जिना बसून उतरावा लागला. खाली चूल विझलेली, चहा झाकून ठेवलेला. शेवंताताई घरात नव्हत्या. "ठकूबायसंगं गेली," किसनराव म्हणाले. एवढंच. मी चहा घेऊन पडवीत बसले.

ऊन पडवीच्या पायरीवर आलं तेव्हा किसनरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते तो नेहमी मोठ्या आवाजावर लावतात. वाऱ्याचा घूं घूं आवाज, शेळीच्या गळ्यातली घंटा, आणि मग शेवंताताई.

"पोचले."

किसनरावांनी घसा साफ केला. "कुटं हायेस?"

"घरांच्या म्होरं. सांगा कुटलं."

त्यांनी डोळे मिटले. "देवळाकडं पाठ कर. उजव्या हाताची पयली भित सोड. दुसरीच्या उंबऱ्याचा दगुड मधनं चिरलाय बघ."

पावलांचा आवाज. बराच वेळ नुसता वारा.

"चिरल्याला हाय."

"मग आत ये."

ते आत जा म्हणाले नाहीत, आत ये म्हणाले. मी कप खाली ठेवला.

"मोरीच्या अंगाला उखळ आसंल. आजीचं."

"हाय. काल मी साफ केलं ते ह्ये न्हवं. ह्यात गाळ लई हाय." खरवडल्याचा आवाज यायला लागला, दगडावर दगड. "काडते."

किसनराव फोन हातात धरून ऐकत राहिले. कितीतरी वेळ आम्ही दोघंही तो खरवडण्याचा आवाज ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, "पानी कुटवर हाय?"

"लांब हाय अजून."

"मग बस जरा येळ," ते म्हणाले, आणि फोन बंद न करता तसाच छातीवर ठेवला.